पुण्यात घर घेताना आणि विकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये घराचा व्यवहार करणारे लोक पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. काही उत्तरं लांबली आहेत, कारण माणसं नेमकी तिथेच अडकतात. शुल्काचे आकडे पुणे महापालिका हद्दीतले आहेत. तुमचं घर त्याबाहेर असेल तर दर तेवढे तपासून घ्या.

जाहिरातीत ‘७२ लाखांपासून’ लिहिलेलं असतं आणि हिशेब ८५ वर जातो. असं का?

‘पासून’ या शब्दामुळे. तो भाव सर्वांत लहान फ्लॅटचा असतो, बहुतेकदा खालच्या मजल्यावरचा. त्यावर फ्लोअर राइज (वरच्या मजल्यासाठीचा जादा दर), पार्किंग, क्लब हाउस, ‘इन्फ्रा’ (रस्ते, वीज, पाणी अशा सोयींचा खर्च), वकील शुल्क, दोन वर्षांचा आगाऊ मेंटेनन्स आणि सोसायटी स्थापनेचा खर्च चढतो. जीएसटी आणि मुद्रांक शुल्क वेगळंच. विक्री कार्यालयात गेल्यावर पहिल्यांदा लेखी कॉस्ट शीट मागा. तोंडी ‘ऑल इन’ला काही अर्थ नसतो.

दुसरी गोम क्षेत्रफळात आहे. कायद्यानुसार विक्री कार्पेट क्षेत्रफळावर (घराच्या आतली प्रत्यक्ष वापरायची जागा) करायची असते, तरी बोलताना अजून सर्रास ‘सेलेबल’ (जिना, लॉबी वगैरेंचा वाटा मिळवून फुगवलेलं क्षेत्रफळ) वापरतात. ८५ लाखांचा फ्लॅट १,००० चौरस फूट सेलेबल म्हणून दाखवला तर दर साडेआठ हजार वाटतो. त्याच फ्लॅटचं कार्पेट ७२० भरलं, तर दर पावणेबारा हजारांच्या पुढे जातो. दोन प्रकल्पांची तुलना करताना दोन्हीकडे कार्पेटनेच भागा.

मग एखाद्या इमारतीतला खरा भाव कसा कळणार?

इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचा सारांश, बघा. वेबसाइटवर दिसतो तो विक्रेत्याने मागितलेला भाव. प्रत्यक्षात ठरलेला भाव नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर मिळतो. वर्ष, जिल्हा, गाव आणि मिळकतीचा क्रमांक टाकला की दस्तांची यादी येते. गाव म्हणजे महसुली गाव, त्यामुळे सोसायटीच्या गोंडस नावाऐवजी सर्व्हे नंबर हाताशी ठेवा.

इंडेक्स टू हा एका पानाचा उतारा असतो. पहिल्या ओळीत विलेखाचा प्रकार, दुसरीत मोबदला, तिसरीत बाजारभाव, चौथीत मिळकतीचं वर्णन, पाचवीत क्षेत्रफळ. मोबदल्याला क्षेत्रफळाने भागलं की काम झालं, फक्त ते क्षेत्रफळ कार्पेट आहे की बिल्टअप (भिंतींसकट) हे वर्णनात वाचून घ्या. गेल्या वर्षभरातले तीन-चार दस्त काढा. एकाच दस्तावर विसंबू नका, कारण जुन्या फ्लॅटच्या व्यवहारात काही रक्कम रोखीत गेलेली असू शकते आणि नातेवाइकांमधले व्यवहार स्वस्त दिसतात.

विकणाऱ्यांनी तर हे आधी करावं. शेजारच्या फ्लॅटच्या वेबसाइटवरच्या भावात आपल्या फर्निचरचे पाच लाख मिळवून सांगितलेला फ्लॅट वर्षभर पडून राहतो आणि मग तो ‘बऱ्याच दिवसांपासूनचा’ म्हणून आणखी पाडून मागितला जातो.

८० लाखांचा फ्लॅट घ्यायचा तर स्वतःजवळ किती हवेत?

वाटतात त्यापेक्षा जास्त. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांच्या कर्जात घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळते. म्हणजे ६४ लाख कर्ज आणि १६ लाख तुमचे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी या ८० टक्क्यांत धरत नाहीत.

पुण्यात मुद्रांक शुल्क एकूण ७ टक्के पडतं: मूळ ५, त्यावर स्थानिक संस्थेचा १ आणि मेट्रोचा १. ते झाले ५ लाख ६० हजार. नोंदणी फी १ टक्का, पण ३० हजारांच्या वर नाही. बांधकाम चालू असेल तर जीएसटी ५ टक्के, म्हणजे ४ लाख. बेरीज २५ लाख ९० हजार. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घराला जीएसटी नाही, त्यामुळे तिथे ४ लाख वाचतात, पण जुन्या फ्लॅटला एजंटची दलाली आणि रंगरंगोटी असते.

एक बारीक सवलत अनेकांच्या नजरेतून सुटते. ४५ लाखांपर्यंतच्या परवडणाऱ्या घराला जीएसटी १ टक्का लागतो. त्यासाठी कार्पेटची मर्यादा महानगरात ६० चौरस मीटर आणि इतरत्र ९० आहे. या नियमापुरतं पुणे ‘महानगर’ नाही, म्हणून इथे ९० लागू होते.

बायकोच्या नावावर घेतलं तर किती वाचतात?

निवासी घरावर १ टक्का मुद्रांक शुल्क. ८० लाखांवर ८० हजार. अट अशी की खरेदीदार फक्त महिला असावी. नवरा-बायको दोघांची नावं आली की सवलत गेली. पुढे १५ वर्षं पुरुषाला विकायचं नाही ही जुनी अट २०२३ मध्ये काढून टाकली आहे. कर्ज दोघांच्या पगारावर हवं असेल तर बँकेशी आणि कर सल्लागाराशी आधी बोला. कर्जात नाव आहे पण मालकीत नाही अशा नवऱ्याला प्राप्तिकराची गृहकर्ज वजावट मिळत नाही.

रेडी रेकनर वाढला म्हणजे घरं महागली का?

थेट नाही. रेडी रेकनर म्हणजे शासनाने ठरवलेला बाजारमूल्याचा तक्ता. करारातली किंमत आणि रेडी रेकनरची किंमत यात जी जास्त, तिच्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. दोन वर्षं न बदललेले दर १ एप्रिल २०२५ पासून वाढले. पुणे महापालिका क्षेत्रात सरासरी ४.१६ टक्के, पिंपरी-चिंचवडमध्ये ६.६९ टक्के. जिथे बाजारभाव मुळातच रेडी रेकनरच्या वर आहे तिथे खरेदीदाराला फारसं जाणवत नाही. जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतींत उलटं होतं. घर रेकनरपेक्षा स्वस्तात मिळतं, पण शुल्क रेकनरवर भरावं लागतं. करार रेकनरपेक्षा १० टक्क्यांहून जास्त खाली गेला तर प्राप्तिकर दोघांनाही तो फरक विचारतो, विकणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही.

प्रकल्पाला महारेरा नंबर आहे. आता डोळे मिटून घ्यायला हरकत नाही ना?

आहे. महारेरा हे रेरा कायद्याखाली गृहप्रकल्पांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण. नंबर म्हणजे तिथे प्रकल्पाची नोंद झाली आहे, एवढंच. तो बांधकामाच्या दर्जाचं प्रमाणपत्र नाही. जाहिरातीवरचा क्यूआर कोड (तो ऑगस्ट २०२३ पासून सक्तीचा आहे) स्कॅन करा आणि आत काय लिहिलंय ते वाचा. प्रकल्प पूर्ण करण्याची मूळ तारीख कोणती होती, किती वेळा मुदतवाढ घेतली, जमिनीवर बोजा कोणाचा, दावे कोणते चालू आहेत, किती फ्लॅट विकले गेले. विक्री कार्यालयातला माणूस ‘डिसेंबरमध्ये ताबा’ म्हणतो आणि नोंदीत त्यानंतर दोन वर्षांची तारीख असते, हे अगदी नेहमीचं. कायद्यापुढे चालते ती नोंदीतली आणि करारातली तारीख.

करार व्हायच्या आधी किती टोकन द्यायचं?

नव्या प्रकल्पात नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डर १० टक्क्यांहून जास्त घेऊ शकत नाही. जुन्या फ्लॅटला असं बंधन नाही, म्हणून तिथे विसार पावती नीट लिहा: रक्कम, उरलेले पैसे कधी, ताबा कधी, कर्ज नामंजूर झालं तर विसार परत की नाही. हा शेवटचा मुद्दा लिहायचा राहतो आणि मग भांडण होतं.

भोगवटा प्रमाणपत्र (ओसी, म्हणजे इमारत राहायला वापरण्याची परवानगी) नाही, पण लोक दहा वर्षं राहताहेत. घ्यावं का?

माझं मत: भाव कितीही उतरवून दिला तरी आधी कारण शोधा. कारण नुसती दिरंगाई असेल तर ते एक. मंजूर नकाशापेक्षा दोन मजले जास्त बांधलेत म्हणून प्रमाणपत्र अडलं असेल तर ते वेगळंच प्रकरण आहे. अशा घराला बँका कर्ज द्यायला कां-कूं करतात, पुढे तुम्ही विकायला काढाल तेव्हा तुमचा खरेदीदारही हेच विचारणार, आणि कन्व्हेयन्सलाही (जमीन सोसायटीच्या नावावर करण्याला) ते आडवं येतं.

समाविष्ट गावांत हा प्रश्न फार. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली. त्याआधी तिथे ‘ग्रामपंचायत सँक्शन’वर चार-पाच मजली इमारती उभ्या राहिल्या. विक्रेता सरपंचाच्या सहीचा कागद दाखवतो. मंजूर नकाशावर जिल्हाधिकारी कार्यालय, नगररचना किंवा २०१५ नंतर पीएमआरडीएचा (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा) शिक्का हवा. तो नसेल तर कागद कितीही पिवळा आणि जुना असो, तो पुरेसा नाही. आणखी एक: मोठ्या संकुलात ‘पार्ट ओसी’, म्हणजे फक्त काही भागाची ओसी, असते. ती तुमच्या विंगची, तुमच्या मजल्यापर्यंतची आहे का, ते वाचा.

पाण्याचं काय? सगळेच ‘कॉर्पोरेशनचं पाणी आहे’ म्हणतात.

हा पुण्यातल्या घराचा सर्वांत कमी विचारला जाणारा आणि सर्वांत जास्त छळणारा प्रश्न. वाघोली, उंड्री, पिसोळी, मांजरी, सूस, म्हाळुंगे या पट्ट्यात कितीतरी सोसायट्या टँकरवर जगतात. नळजोड आहे आणि पाणी पुरतं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाणेर-बालेवाडीसारख्या महागड्या भागातसुद्धा २०१६ मध्ये पाण्यावरून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि नव्या बांधकाम परवानग्या थांबल्या होत्या. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी येतं.

नव्या हद्दीत परवानगी घेताना महापालिकेचं पाणी येईपर्यंत स्वखर्चाने पाणी देण्याचं हमीपत्र बिल्डर देतात. सोसायटी हातात आली की बिल्डर हात वर करतो आणि टँकरचं बिल सभासदांवर येतं. म्हणून हमीपत्राची प्रत मागा आणि करारात त्याचा उल्लेख करून घ्या.

जुना फ्लॅट बघताना सोसायटीचा वार्षिक अहवाल मागा आणि खर्चाच्या बाजूला ‘टँकर’ किंवा ‘पाणी खरेदी’ हा रकाना शोधा. मार्च ते जूनचे आकडे वेगळे मिळाले तर उत्तम. त्या रकमेला फ्लॅटच्या संख्येने भागा, ती तुमच्या हप्त्यात मिळवा. नंतर खाली वॉचमनला विचारा, टँकर किती वाजता येतो. ‘येतो का’ असं विचारू नका. ‘किती वाजता’ विचारलं की खरं उत्तर येतं.

दर्जाही बघा. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या पलीकडे नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले तेव्हा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांवरच संशय गेला. बोअरचं किंवा विहिरीचं पाणी असेल तर तपासणी अहवाल मागायला संकोच करू नका.

नदीकाठचा ‘रिव्हर व्ह्यू’ फ्लॅट सुरक्षित आहे का?

जलसंपदा विभागाच्या निळ्या आणि लाल पूररेषा कुठून जातात ते बघितल्याशिवाय सांगता येत नाही. निळी रेषा ढोबळमानाने २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात निर्बंध. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून विसर्ग वाढला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पार्किंगसकट खालच्या मजल्यांत पाणी शिरलं. जुन्या इमारती पूररेषा आखण्याआधीच्या असू शकतात. त्यांचा पुनर्विकास मात्र याच रेषेपाशी अडतो, हे पुनर्विकासाच्या आशेवर घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

पार्किंगचे चार लाख वेगळे मागताहेत. द्यायचे?

उघड्या पार्किंगचे नाही. २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उघडी आणि स्टिल्टमधली (इमारतीखालच्या खांबांमधली) जागा स्वतंत्रपणे विकता येत नाही असं म्हटलं होतं. रेरानंतरच्या प्रकल्पांत छताखालच्या पार्किंगला मोबदला घेता येतो, पण मग क्रमांक, लांबी, रुंदी, उंची करारासोबतच्या जोडपत्रात आली पाहिजे. जुन्या फ्लॅटचा विक्रेता ‘पार्किंग माझं आहे’ म्हणाला तर त्याच्या शब्दावर न जाता सोसायटीच्या वाटपाची नोंद बघा.

ताबा दोन वर्षं लांबला. काय करता येईल?

दोन रस्ते. व्यवहार सोडून व्याजासकट पैसे परत मागायचे, किंवा थांबून ताब्यापर्यंत दर महिन्याचं व्याज मागायचं. व्याजदर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआर (बँकेचा कर्जासाठीचा पायाभूत दर) अधिक २ टक्के. महारेराकडे तक्रारीचं शुल्क ५,००० रुपये आहे. त्याआधी सलोखा मंचात जाता येतं आणि बिल्डरला नाव जपायचं असेल तर तिथे लवकर मिटतं. आदेश मिळाला म्हणजे पैसे मिळाले असं मात्र नाही. बिल्डरने दिले नाहीत तर वसुली वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. ते काम रेंगाळतं, तहसील कार्यालयात चकरा मारायची तयारी ठेवा.

सोसायटी ट्रान्सफरसाठी लाखभर ‘डोनेशन’ मागते.

महापालिका क्षेत्रात हस्तांतरण अधिमूल्य २५,००० रुपयांच्या वर घेता येत नाही. ही मर्यादा ऑगस्ट २००१ च्या शासन परिपत्रकापासून आहे. वर ट्रान्सफर फी ५०० आणि प्रवेश फी १००. ऐच्छिक देणगीच्या नावाखाली जास्त मागितलं तर लेखी मागा, म्हणजे बहुतेकदा मागणी विरते. नाहीच विरली तर उपनिबंधकांकडे तक्रार. विक्रेत्याने मेंटेनन्सची थकबाकी मात्र निमूट भरावी, त्यावर सोसायटीचं म्हणणं रास्त असतं.

कन्व्हेयन्स झालेला नाही. फरक काय पडतो?

जमीन अजून मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावावर आहे. उद्या पुनर्विकास करायचा झाला तर पहिली अडचण हीच. बिल्डर करून देत नसेल तर सोसायटी जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी (डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय होणारा कन्व्हेयन्स) अर्ज करू शकते. जुना फ्लॅट घेताना प्रॉपर्टी कार्डावर किंवा सात-बाऱ्यावर सोसायटीचं नाव लागलंय का, एवढं तरी बघा.

फ्लॅट विकला तर कर किती जाईल?

दोन वर्षांहून जास्त काळ ठेवलेला फ्लॅट असेल तर दीर्घकालीन नफा. २३ जुलै २०२४ आधी घेतलेल्या घरावर निवासी व्यक्तीला दोनपैकी जो कमी पडेल तो कर: महागाई निर्देशांक न लावता १२.५ टक्के किंवा लावून २० टक्के.

उदाहरण धरू. २००५-०६ मध्ये १५ लाखांना घेतलेला कोथरूडचा फ्लॅट २०२५-२६ मध्ये ९० लाखांना विकला. निर्देशांक तेव्हा ११७, आता ३७६. खरेदी किंमत वाढून सुमारे ४८.२ लाख होते, नफा ४१.८ लाख, २० टक्क्यांनी कर साधारण ८ लाख ३६ हजार. निर्देशांकाशिवाय नफा ७५ लाख आणि कर ९ लाख ३७ हजार. इथे जुनी पद्धत फायद्याची ठरते. भाव झपाट्याने वाढलेल्या भागात नेमकं उलटं होतं, म्हणून दोन्ही हिशेब मांडूनच ठरवा.

नफा दुसऱ्या घरात गुंतवला तर कर वाचतो: विक्रीआधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत विकत घेतलेलं, किंवा तीन वर्षांत बांधलेलं. ५० लाखांपर्यंतची रक्कम सहा महिन्यांत विशिष्ट रोख्यांत टाकता येते. विवरणपत्राच्या तारखेपर्यंत घर ठरलं नसेल तर पैसे साध्या बचत खात्यात न ठेवता कॅपिटल गेन्स खात्यात ठेवा.

५० लाख किंवा त्याहून मोठ्या व्यवहारात खरेदीदाराने १ टक्का टीडीएस कापून भरायचा असतो. विकणाऱ्याने तो आपल्या पॅनवर दिसतोय ना ते पाहावं.

खरेदीदार म्हणतो, दहा लाख रोख घ्या.

नको. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड होऊ शकतो. आणि घेणाऱ्याचाही तोटाच आहे. कागदावर किंमत कमी म्हणून कर्ज कमी मिळतं आणि पुढे विकताना नफा फुगलेला दिसतो.

माझ्या फ्लॅटवर कर्ज चालू आहे. विकता येईल?

येईल, रोज होतात असे व्यवहार. तुमच्या बँकेकडून बाकी रकमेचं पत्र आणि तिच्याकडच्या कागदांची यादी घ्या. खरेदीदाराची बँक तेवढा चेक थेट तुमच्या कर्जखात्याच्या नावे काढते, उरलेला तुमच्या नावे. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करणं बँकेला बंधनकारक आहे. तिच्यामुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई.

मालक अमेरिकेत आहे. घेताना काय वेगळं?

टीडीएस. विक्रेता अनिवासी असेल तर १ टक्क्याचा नियम नाही, कितीतरी जास्त कापावा लागतो आणि तो कापायची जबाबदारी तुमची. विक्रेत्याने कमी कपातीचं प्रमाणपत्र आधी मिळवलं तर दोघांचाही त्रास वाचतो, म्हणून विसार पावतीतच तशी अट घाला. इथल्या आईवडिलांना कुलमुखत्यारपत्र पाठवलं असेल तर ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करून घ्यावं लागतं. ते पाकिटातच पडून राहिलेलं आढळतं.

बाबांच्या फ्लॅटला नॉमिनी मी आहे. एकट्याने विकू शकतो का?

इतर वारस असतील तर नाही. नॉमिनी हा मालक नसतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर वारस ठरेपर्यंत सोसायटी त्याला तात्पुरता सभासद करते. बहीण-भावंडांकडून नोंदणीकृत हक्कसोडपत्र घ्या किंवा सगळ्यांनी मिळून खरेदीखतावर सह्या करा. ‘ताई काही म्हणणार नाही’ यावर शहाणा खरेदीदार पैसे देत नाही.

शहराबाहेर एक गुंठा घेऊन ठेवू का?

सामाईक सात-बाऱ्यावर अकरा जणांची नावं लावून अकरा गुंठे विकायचे, ही पुणे जिल्ह्यातली जुनी युक्ती. कागदावर तुम्ही सहमालक, जागेवर तुमचा तुकडा कुठला याची नोंद कुठेच नाही. शिवाय शेतजमीन घ्यायला शेतकरी असणं लागतं. २०२५ मध्ये तुकडेबंदीत (जमिनीचे लहान तुकडे करून विकण्यावरच्या मनाईत) सवलती आल्या, तेव्हापासून एजंट ‘आता सगळं चालतं’ म्हणतात. सवलत कोणत्या क्षेत्राला आहे ते बघा आणि झोन दाखला, मंजूर रेखांकन, स्वतंत्र उतारा या तिन्ही गोष्टी मिळाल्या तरच पुढे जा.

नोंदणी झाली. अजून काही राहिलं?

मालमत्ता कर आणि वीज. पुणे महापालिका हद्दीत स्वतः राहत असाल तर ४० टक्के सवलत मिळते, त्यासाठी पीटी-३ अर्ज भरावा लागतो. आधीच्या मालकाने घर भाड्याने दिलं असेल तर सवलत लागलेली नसते आणि बिल मोठं येतं. महावितरणचं नावही लगेच बदला. त्याआधी विक्रेत्याकडून शेवटचं भरलेलं बिल घ्या, नाहीतर जुनी थकबाकी तुमच्याकडे मागितली जाऊ शकते.